हळद संपते तिथवर

“मातृभाषा कोणती?” मी विचारलं.

“कुनाशी बोलायचं हाय?” त्यांनी विचारलं.

एकाहत्तर सालच्या जनगणनेला आम्हा मास्तर लोकांना घरोघर धाडलं होतं आणि माझ्या वाट्याला केडगावच्या टोकाची एक वस्ती आली होती. मी नगरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो. वय तेवीस, बगलेत फॉर्मांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल आणि देश मोजायला निघाल्याचा रुबाब. पहिली तीन घरं सरळ गेली. चौथ्या घराच्या ओट्यावर साठीच्या एक बाई, ऐन मार्चच्या उन्हात, नऊवारी लुगड्यावर खाकी लष्करी कोट घालून लसूण सोलत बसल्या होत्या.

जन्मस्थान त्यांनी चटकन सांगितलं. पाथर्डी तालुक्यातलं एक खेडं, माझ्या गावापासून दोन कोसांवरचं. मग मी पुढचा प्रश्न विचारला, याआधी कुठे राहत होता? त्यांनी लसूण खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. क्वेट्टा, मग पिंडी, मग वर्षभर रंगून, मधे कोलंबो, शेवटी कराची. फॉर्मात त्या उत्तराला बोटभर जागा होती. मी लिहीत गेलो, खोडत गेलो, आणि शेवटी कागदाला भोक पडलं. त्यानंतर मातृभाषेचा प्रश्न आला आणि त्यांनी मलाच उलटा प्रश्न घातला.

मातृभाषा म्हणजे आईची भाषा, असं मी समजावलं. त्या जरा विचार करून म्हणाल्या, “आई लई बोलायची न्हाई.”

मी ‘मराठी’ लिहिलं. त्यांनी ते वाचून दाखवायला लावलं आणि बाकीच्यांचं काय, असं विचारलं. घरात तर त्या एकट्याच दिसत होत्या. बाकीचे कोण, म्हटलं, तर बाकीच्या भाषा. इतक्या वर्षांच्या सोबतिणी सरकारने दारातूनच परत पाठवल्या याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. मग मी कुठला, हे त्यांनी विचारलं. पाथर्डीकडचा म्हटल्यावर मागची खोली रिकामी आहे म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांनी मी ट्रंक घेऊन तिथे राहायला गेलो. पुढची अडीच वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो. माझं नागरिकशास्त्र त्या काळात जे बिघडलं ते अजून दुरुस्त झालेलं नाही.

सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणायची. त्यांचे यजमान एका गोऱ्या मेजरचे खानसामा होते आणि त्या स्वतः मेजरच्या मुलांना सांभाळणाऱ्या आया. मेजरची बदली झाली की कुत्रं, पियानो आणि हे नवराबायको असं सगळं एकत्र हलायचं. सामानाच्या यादीत आपली नावं पियानोच्या खाली असायची, हे मावशी तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगायच्या. सत्तेचाळीस साली मेजर कुत्रं आणि पियानो घेऊन विलायतेला गेला आणि ही दोघं नगरला उतरली. यजमान पुढे वारले. कोट त्यांचाच. मेजरने त्यांना दिलेला, आणि मावशींनी तो यजमानांच्या माघारी अंगावरून उतरवला नाही.

शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पण कुठल्याही मुलखाचा माणूस समोर आला की दहा मिनिटांत त्या त्याच्या घरच्या डाळीपर्यंत पोचायच्या. एकदा पुण्याच्या रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकच्या सरदारजीला त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. फोडणीत आधी कांदा पडतो की लसूण, एवढं विचारलं, आणि उत्तर ऐकून “म्हंजे पिंडीच्या खालच्या अंगाचा” असा निकाल दिला. सरदारजी मटकन रस्त्याच्या कडेला बसला. त्याच्या बापाचं गाव तिथलंच निघालं. ट्रक दुरुस्त होऊनही तो दोन दिवस हलला नाही आणि जाताना मावशींच्या पाया पडला.

त्यांच्या स्वतःच्या घरात डाळीचा काही नेम नसायचा. एक दिवस आपली नगरची, लसूण-जिऱ्याची. दुसऱ्या दिवशी कोलंबोची, नारळाच्या दुधात. रंगूनची डाळ व्हायची तेव्हा तिच्यात सुकी मासळी पडायची आणि मी जेवायला खाणावळीत जायचो. एकदा मी माझा शाळेतला ‘आपली संस्कृती’ हा धडा त्यांना वाचून दाखवला. वेश, भाषा, आहार आणि सण, प्रत्येकाला दोन गुण. मला त्या धड्याचा अभिमान होता. मुलं तो इतका पाठ म्हणायची की संस्कृती आठ गुणांत आटोपायची. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि ह्यात हळद कुठं आहे, असं विचारलं.

मी म्हटलं, हळद कशाला?

“सगळीकडं डाळ निराळी, मास्तर. पर हळद सगळी घालत्यात. हळद हाय तिथवर आपलं. हळद संपली की देश संपला.”

मी ते मनावर घेतलं. पुढे ग्रंथालयात मला वाचायला मिळालं की हळद इराणातही सर्रास घालतात. मोठ्या खुशीत घरी येऊन मी त्यांना ते ऐकवलं. त्यांनी शांतपणे देश वाढवला. “मंग ते बी आपलंच,” म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या.

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अलीकडे मला एका परिसंवादात ‘दक्षिण आशियाई संस्कृती आणि आपली ओळख’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. माझ्या आधी तीन विद्वान बोलले. मी उठून हळदीबद्दल बोललो. अध्यक्षांनी आभार मानताना माझं नाव गाळलं.

मावशींच्या कोंबड्यांचं सांगायचं राहिलं. पाच कोंबड्या होत्या आणि त्यांची नावं होती क्वेट्टा, पिंडी, रंगून, कोलंबो आणि कराची. कोंबड्याचं नाव लंडन, कारण तो नुसता ओरडायचा आणि द्यायचा काही नाही. एरवी या नावांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई जुंपली, दिवेबंदीचा हुकूम आला आणि सगळी वस्ती रेडिओला कान लावून बसू लागली. नेमक्या तिन्हीसांजेच्या बातम्यांच्या वेळी मावशी ओट्यावर उभ्या राहून हाका मारायच्या, “कराची, आत ये गं बाय. भाईर अंधार हाय, कुनी मारंल तुला.”

चौथ्या दिवशी सकाळी हवालदार आला. कुणीतरी कळवलं होतं की या घरातून कराचीशी संधान बांधलं जातं. त्याने करड्या आवाजात कराचीचं इथे कोण आहे, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, ती अंड्यावर बसली आहे, उठवू नका. हवालदाराने वही काढली. मग एकेका कोंबडीची ओळख करून घेतली, नावं लिहिली, आणि पिंडी सारखी कुंपणाबाहेर जाते यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मावशींनी त्याला दोन अंड्यांची पोळी करून घातली. पिंडीचीच अंडी होती ती. त्याने ती चौकशी न करता खाल्ली.

याच सुमारास माझं मोहिनीशी जमत होतं. मोहिनी आमच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या घरचे सिंधी. फाळणीत कराचीहून बोटीने मुंबईला आले आणि फिरत फिरत नगरच्या बाजारात कापडाचं दुकान थाटून बसले. ती नगरातच जन्मली आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. शिक्षकांच्या बैठकीत माझ्या तोंडून ‘हाय’ निसटलं की ती फळ्याकडे बघत हळूच ‘आहे’ म्हणायची. सहा महिने तिने माझे ‘ण’ घासले. माझं ‘पाणी’ ज्या आठवड्यात स्वच्छ निघालं त्याच आठवड्यात मी तिला लग्नाचं विचारलं, आणि ती हो म्हणाली.

तिच्या घरात शब्द चालायचा आजीचा. आजीने नगरमध्ये पंचवीस वर्षं काढून मराठीचा एक शब्द ओठांवर येऊ दिला नव्हता. भाजीवालीशीसुद्धा ती सिंधीत बोलायची, आणि भाजीवाली, करते काय, सिंधी शिकली होती. आजीचं म्हणणं एकच होतं, मुलगा आपल्यातला हवा. उल्हासनगरचं एक स्थळ ठरत आलं होतं आणि ती मंडळी दीड-दोन महिन्यांत बघायला येणार होती. मोहिनीने मला हे पटांगणात, मुलींच्या कवायतीवर लक्ष ठेवता ठेवता सांगितलं. तिचा आवाज स्थिर होता, पण ती मुलींना बराच वेळ उजवीकडेच वळवत राहिली.

मी ते मावशींना सांगितलं. आजी कराचीची आहे एवढंच त्यांनी ऐकलं. “मंग म्या बोलते,” म्हणाल्या. मी विचारलं, तुम्हाला सिंधी येतं? दोन वर्षं तिथे होते, असं उत्तर आलं.

रविवारी आम्ही टांग्याने निघालो. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, वर कोट, हातात मेजरच्या मडमेची, झालर असलेली छत्री आणि पायात तिचेच टेनिसचे बूट. टांग्यात त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होत्या. पहिल्यांदा घोड्याने कान टवकारले, मग टांगेवाल्याने. मी विचारलं, हे कुठे शिकलात? त्या सांगू लागल्या की कराचीत बंगल्याच्या मागच्या गल्लीत गाढवाच्या गाडीवरून पाणी यायचं. गाडीवाला रोज सकाळी फाटकाशी थांबून हे मोठ्याने म्हणायचा. तो रामराम घालतोय हे ओळखून मावशींनी ते पाठ केलं आणि दोन वर्षं भेटेल त्याला म्हटलं.

“लोकं लई हसून बोलायची,” त्या म्हणाल्या.

मला शंका आली, पण टांगा तोवर पोचला होता.

बैठकीच्या खोलीत मोहिनीचे वडील होते आणि मधल्या खुर्चीत पांढऱ्या कपड्यांतली आजी, ताठ, हातात जपमाळ. मोहिनीने पापड आणि पाण्याचे पेले आणून ठेवले. मावशींनी छत्री मिटली, हात जोडले आणि आजीकडे बघून, प्रेमाने, ते वाक्य म्हटलं.

मोहिनीने रिकामं तबक तोंडापुढे धरलं. तिचे वडील अर्धवट उठले आणि तसेच थांबले. त्या वाक्यात काय होतं ते मोहिनीने मला नंतर कानांच्या पाळ्या लाल करून सांगितलं. त्यात गाढव होतं, गाढवाची आई होती, आणि त्या आईच्या चालचलणुकीविषयी एक सविस्तर मत होतं. वाक्य मला आजही येतं. लिहिता मात्र येणार नाही.

आजीने माळ खाली ठेवली आणि कानामागे हात नेऊन पुन्हा म्हणायची खूण केली. मावशींना वाटलं, ऐकू कमी येतंय. त्यांनी गाडीवाल्याच्या पट्टीत म्हटलं, शेवटी जीभ टाळ्याला लावून गाढव हाकतानाचा ‘टक्’ आवाज काढला, वर लगाम ओढल्यासारखा हात केला. आजीच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. आधी आवाज नव्हता. मग ती खुर्चीचा हात धरून, पाय आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिचा मुलगा घाबरून पंख्याने वारा घालू लागला. आईला इतकं हसताना त्याने नगरमध्ये कधी पाहिलं नव्हतं. आजी काहीतरी म्हणाली आणि मोहिनीने ते हळू आवाजात मराठीत सांगितलं.

“पंचवीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नाही. इथे सगळे सभ्य झाले.”

त्यानंतर तीन तास दोघी बोलत होत्या. आजी सिंधीत, मावशी पाथर्डीच्या बोलीत. कुणाला काय कळलं देव जाणे. मावशींची कराची मागच्या दाराची होती, म्हणजे कोळसेवाला, धोबी आणि माशांची टोपली. आजीची कराची पुढच्या दाराची. एकीने हाताने समुद्र दाखवला की दुसरी पदर सांभाळायची, इतका वारा त्या खोलीत होता. उठताना आजीने मावशींना गुरुवारी यायला सांगितलं. लग्नाचा विषय दोघींपैकी एकीनेही काढला नव्हता.

पुढच्या गुरुवारीही नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. मोहिनी आणि मी वेडे व्हायच्या बेतात होतो. मावशी दर बुधवारी भिंतीपलीकडे ते वाक्य घोकायच्या, गुरुवारी टांग्याने जायच्या, संध्याकाळी तिकडची शेवयांची खीर घेऊन परत यायच्या. लग्नाचं विचारलं की कपाळाला हात लावायच्या आणि विसरलेच म्हणायच्या.

उल्हासनगरची मंडळी आली तेव्हा मी शाळेत निबंध तपासत होतो. पुढचं मोहिनीने सांगितलेलं. मुलगा टेरिलिनच्या शर्टातला, बँकेत नोकरीला, अगदी सज्जन. आजीने त्याला जवळ बोलावून हळू आवाजात गाडीवाल्याचं ते वाक्य ऐकवलं. मुलाने नम्रपणे विचारलं, याचा अर्थ काय? त्याच्या आईला अर्थ माहीत होता. ती मंडळी चहा न घेता उठली.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. आजीने माझ्याकडे बोट करून हनुवटी उडवली. दर बुधवारी भिंतीतून ऐकून ऐकून ते वाक्य माझ्या जिभेवर बसलं होतं. मी डोळे मिटून म्हणून टाकलं. माझा गाडीवाला कराचीचा नव्हता, पाथर्डीचा होता, तरी गाढव तेच होतं. आजीने मांडीवर थाप मारून मुलाला निकाल सांगितला, हा आपल्यातला. मोहिनीच्या वडिलांनी, अशाने उद्या कुणीही आपल्यातला होईल, असं म्हणून पाहिलं. आजी म्हणाली, होऊ दे.

आता माझे वडील राहिले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा शेतकरी, बोलायला कमी. मोहिनी त्यांना पसंत होती. त्यांची अडचण वेगळीच होती आणि ती त्यांनी मावशींच्या ओट्यावर बसून, पटका मांडीवर ठेवून सांगितली. लग्नाची पहिली पत्रिका मुलीच्या गावच्या देवाला ठेवायची असते. देवाला न सांगता मुलगी आणणं म्हणजे चोरून आणणं. आणि यांचं गाव तर सरहद्दीच्या पलीकडे.

“पोरगी सोन्यावानी हाय,” आबा म्हणाले. “पर इचारायचं कुनाला?”

ते अडवून धरत नव्हते. त्यांना खरोखर वाट दिसत नव्हती, आणि म्हणूनच मला भीती वाटली. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. दोन महिने असेच गेले. मावशींनी गुरुवारी आजीला खाणाखुणांनी देवाचं विचारलं आणि आजीने समोरच्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून दाखवलं. त्यांचा देव म्हणजे नदी. सिंधू तर सिंधू, नाहीतर जी जवळ असेल ती. पिठाचा दिवा करून पाण्यावर सोडायचा आणि सांगायचं. मावशींनी परस्पर दिवस ठरवला आणि सगळ्यांना सकाळी सीना नदीवर बोलावलं.

तो त्र्याहत्तरचा मे महिना होता. दुष्काळाचं दुसरं वर्ष. इतकं साधं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे, पण आम्ही दोन टांगे करून, आजीला धरून, पत्रिका आणि दिव्याचं ताट घेऊन काठावर पोचलो तेव्हा सीनेत पाणी नव्हतं. वाळू, गोटे, आणि मधोमध वाट चुकल्यासारखी उभी एक म्हैस. मोहिनीच्या वडिलांनी घरून बादली आणू का विचारलं. आजीने नको म्हणून मान हलवली.

आबा बाजूला उभे होते. ते पात्रात उतरले. जिथे थोडा हिरवा लव्हाळा तग धरून होता तिथवर चालत गेले, वाकून वाळूचा वास घेतला, जोडे काढले आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी उकरू लागले. नदीच्या वाळूत असा खड्डा करून पाणी काढतात त्याला आमच्याकडे झिरा म्हणतात. पाथर्डीच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. मी मदतीला गेलो तर त्यांनी कोपराने सारलं. हातभर गेले तरी वाळू कोरडीच. मग ओलसर लागली, मग गोटे लागले. त्यांच्या बोटांतून रक्त येऊ लागलं आणि ते थांबेनात.

आजी काठावरून मोठ्याने काहीतरी बोलली. आबांनी मान वर न करता मावशींना विचारलं, “काय म्हनत्यात?”

मावशींनी क्षणभरही विचार केला नाही. “म्हनत्यात, पोरगी दिली.”

आबांचे हात एकदम थबकले, आणि मग दुप्पट वेगाने चालू लागले. थोड्या वेळाने तळाशी चकाकलं. गढूळ, परातीएवढं पाणी. आजीला आम्ही धरून खाली नेलं. तिने दिवा त्यावर ठेवला. तो कुठे वाहून जाणार, जागच्या जागी फिरत राहिला. आबांनी पत्रिका कडेला ठेवून हात जोडले तेव्हा कागदाला ओल आणि रक्त दोन्ही लागलं.

परतताना टांग्यात मी मोहिनीला म्हटलं की आजीने किती वेळेवर शब्द दिला. ती म्हणाली की आजी तसं काहीच म्हणाली नव्हती.

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, त्या माणसाला कुणीतरी थांबवा. त्याची बोटं सोलली आहेत.”